पिशवीतली अकरा वर्षं

आमच्या आईचे सगळे रिपोर्ट एका कापडाच्या दुकानाच्या पिशवीत असतात. माझ्या लग्नाचा बस्ता ज्या दुकानात बांधला त्याच दुकानाची पिशवी, बंद अजून शाबूत आहेत, दुकान मात्र कधीच बंद पडलं. पिशवीची जागा कपाटात, साड्यांच्या खाली. दवाखान्यात जायचं म्हणलं की ती पिशवी बाहेर काढायची, वरचा एक कागद डॉक्टरला दाखवायचा, नवीन कागद त्याच्यावर ठेवायचा आणि परत साड्यांच्या खाली. 2010 साली शुगर निघाली तेव्हापासून 2021 पर्यंत हेच चाललेलं. अकरा वर्षांत त्या पिशवीच्या तळाला कुणाचा हात गेला नव्हता. माझापण नाही.

आणि मी कोण, तर सांगलीतल्या एका पतसंस्थेत कर्जवसुलीच्या टेबलावर बसणारा माणूस. कुणाचा हप्ता दोन महिने थकला तर माझ्या लक्षात येतं, कुणाचं खातं हळूहळू घसरायला लागलंय ते मला लेजरचं पान बघून सांगता येतं. आईचं लेजर घरात पडलेलं, ते उघडून बघायचं काय मला सुचलं नाही.

आई गावाकडं, पलूसच्या बाजूला, कृष्णाकाठी. मी विश्रामबागला. दर तीन महिन्यांनी तिला सांगलीत एका डॉक्टरांकडे न्यायचो, त्यांचं नाव काही इथं घेणार नाही, माणूस वाईट नव्हता, गर्दी प्रचंड. नंबर लावून दोन तास बसायचं, आत गेलं की चार मिनिटं. उपाशीपोटीची शुगर किती, जेवल्यानंतरची किती, वाढली तर गोळी वाढवायची, कमी असली तर "छान, असंच चालू ठेवा". आई खूश, मी खूश, येताना गणपतीच्या देवळापाशी भडंग घ्यायचं आणि एसटीत बसवून द्यायचं. भडंगाचं पुढं येईलच.

किडनी म्हणजे काय हे आम्हाला माहिती नव्हतं असं मात्र नाही. चांगलं माहिती होतं, मामांमुळं. आईचे थोरले भाऊ, भिलवडीकडचे. त्यांना पण शुगर. त्यांचं 2017 ला एकदम श्वास कोंडला म्हणून मिरजेला नेलं तर थेट डायलिसिस. मानेत नळी घालून. त्यानंतर हाताला फिस्टुला केला, म्हणजे मशीन जोडायला हाताची रक्तवाहिनी तयार केली, आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास. महात्मा फुले योजनेत बसलं म्हणून पैशाचं निभावलं, पण जाण्यायेण्याचा खर्च, सोबत जाणाऱ्याचा बुडालेला रोज, हे कुठल्या योजनेत बसतंय? 2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली तेव्हा मामांना नावेतून बाहेर काढलं, दोन डायलिसिस चुकले, तोंड सुजून एवढं झालेलं. मिरजेला पोचले तेव्हा ते मला म्हणाले, "पाणी गावात बी आणि अंगात बी." पुढच्या हिवाळ्यात गेले.

आता गंमत बघा, गंमत कसली म्हणा. भाऊ असा गेला, बहिणीला तीच शुगर, आणि तरीपण आमच्या घरात कुणाच्या डोक्यात आलं नाही की हिची किडनी कशी आहे ते बघू. कारण आमच्या समजुतीत किडनीचा आजार म्हणजे मामांचा आजार. म्हणजे श्वास कोंडणं, अंग सुजणं, मशीन. आईला तर काहीच होत नव्हतं. शेतात जाते, भाकरी थापते, सुनेशी भांडते. तिची किडनी बिघडेल कशाला?

2021 च्या मार्चमध्ये साठीच्या वरच्या लोकांना कोरोनाची लस सुरू झाली, आणि गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रांगा लागल्या. मी आईला घेऊन गेलेलो. लस द्यायच्या आधी सिस्टरनी बीपी बघितलं, 168 वर 92. तिथले डॉक्टर म्हणजे अगदी पोरगाच, शिक्षणानंतरच्या सरकारी सेवेच्या बॉण्डवर आलेला, कडेगावकडचा शेतकऱ्याचा मुलगा. त्यानं विचारलं शुगर किती वर्षं आहे, मी म्हणलं अकरा. मग त्यानं जो प्रश्न विचारला तो त्या अकरा वर्षांत कुणी विचारला नव्हता. "लघवीतलं प्रोटीन कधी तपासलंय का?"

मी म्हणलं तपासलं असेल की, पिशवीत बघायला लागेल.

"मग सगळी पिशवीच घेऊन या," म्हणाला, "मंगळवारी दुपारी या, तेव्हा लस नसते."

मंगळवारी आम्ही ती पिशवी त्याच्या टेबलावर पालथी केली. त्यानं कागद वर्षाप्रमाणं लावले आणि त्यातले फक्त क्रिएटिनिनचे वेगळे काढले, क्रिएटिनिन म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा रक्तातला कचरा. निघाले मोजून पाच. लघवीच्या प्रोटीनची तपासणी एकपण नाही. साधी लघवी तपासलेली दोनदा, दोन्ही वेळा "प्रोटीन नाही" असं लिहिलेलं, आणि ती पट्टीवरची तपासणी, ती पट्टी थोडंथोडकं प्रोटीन पकडतच नाही हे मला त्या दिवशी कळलं. बरं, पाचही क्रिएटिनिन नॉर्मल. म्हणजे लॅबच्या कागदावर 0.6 ते 1.2 अशी हद्द छापलेली असते ना, आईचे सगळे आकडे त्या हद्दीच्या आतच, एकपण ठळक छापलेला नाही. 2012 ला 0.8. 2018 ला 1.0. आणि आताचा 1.2.

मी म्हणलं, नॉर्मलच आहे की मग सगळं.

तो काही बोलला नाही, मोबाइलवर एक कॅल्क्युलेटर उघडला, त्यात वय, बाईमाणूस की पुरुष, आणि क्रिएटिनिन टाकलं. 2012 चं उत्तर आलं 87. 2018 चं 64. 2021 चं 51. ह्याला ईजीएफआर म्हणतात, किडनी मिनिटाला किती मिली रक्त गाळून साफ करते त्याचा अंदाज. तरुण निरोगी माणसाचा शंभराच्या आसपास असतो. साठच्या खाली तीन महिन्यांपेक्षा जास्त राहिला की त्याला किडनीचा जुनाट आजार म्हणायचं, आणि पंधराच्या खाली गेला की मामांचा रस्ता.

87, 64, 51. हे वाचायला मला डॉक्टर असायची गरज नव्हती, असली खाती मी रोज बघतो. प्रत्येक हप्ता ज्याच्या त्याच्या महिन्यात बघितला तर ठीक, आणि सलग बघितलं तर खातं बुडीत चाललंय. फरक एवढाच की आमच्याकडं ठराविक दिवस थकलं की खातं एनपीएत, म्हणजे थकीत-बुडीत यादीत जातं, नोटीस निघते, जामीनदाराला फोन जातो. किडनी नोटीस काढत नाही. क्रिएटिनिन हा आकडाच असा खोडील आहे, किडनीचं निम्मं काम जाईपर्यंत तो हद्दीच्या आत राहू शकतो, त्यातून बाई वयस्कर आणि अंगानं बारीक असेल तर आणखीच, कारण क्रिएटिनिन येतं स्नायूंमधून आणि आईच्या अंगावर स्नायू असे आहेत कुठं.

लघवीची बाटली मी सकाळी सात वाजता डब्याच्या पिशवीत घालून मोटरसायकलवरनं पलूसच्या लॅबमध्ये नेली. अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, म्हणजे लघवीत अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन किती गळतंय त्याचा आकडा, लोक एसीआर म्हणतात. तीसच्या आत पाहिजे. तीसशेच्या वर... चुकलं, तीनशेच्या वर गेला की जास्तच गळती. आईचा आला 412. डॉक्टर म्हणाला एकदा बघून चालत नाही, ताप, लघवीचं इन्फेक्शन, कशानंपण वाढतो, परत बघू. तीन महिन्यांनी परत बघितला, 396.

एवढ्यासाठी किती खर्च? माझे गेले पाचएकशे रुपये. मामांच्या एका आठवड्याच्या गाडीभाड्यापेक्षा कमी. शुगर टाइप टू ची असेल तर ज्या दिवशी निघते त्या दिवसापासून दर वर्षाला हे दोन्ही बघायचं असतं, लघवीतला रेशो आणि रक्तातल्या क्रिएटिनिनवरनं काढलेला ईजीएफआर, कारण टाइप टू मध्ये शुगर निघते तेव्हा ती आधीच किती वर्षं अंगात मुरलेली आहे ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणजे आईचा हा कागद अकरा वेळा व्हायला पाहिजे होता. त्या रात्री मला झोप आली नाही, सांगलीच्या डॉक्टरांचा राग, लॅबचा राग, नंतर लक्षात आलं की दर तीन महिन्यांनी ती पिशवी हातात धरून कोण बसायचं, मीच की.

आता तो पोरगेला डॉक्टर आईला जे समजावून सांगत होता ते मला अजून शब्दाला शब्द आठवतं. आईला म्हणाला, "मावशी, तुम्ही शेतात दारं धरलीयत ना?"

"व्हय, बक्कळ."

"मग बघा, वरनं पाटाला पाणी जोरात सोडलंय आणि खालचं तोंड बुजलंय. वाफ्याचं काय होईल?"

"फुटंल की. बांध फोडून जाईल."

"तसंच झालंय."

एका किडनीत अशा दहाएक लाख गाळण्या असतात, दोन्ही मिळून दिवसाला 180 लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं बहुतेक सगळं परत रक्तात घेतात. रक्तात साखर जास्त झाली की गाळणीत येणारी नळी सैल पडते, पाणी जोरात येतं. जाणारी नळी आवळलेली राहते. मधल्या मध्ये गाळणीवर दाब. वर्षानुवर्षं दाब सोसून तिची भोकं मोठी होतात आणि जे अल्ब्युमिन रक्तातच राहायला पाहिजे ते लघवीत गळायला लागतं. सुरुवातीला किडनी उलट जास्त काम करत असते, रिपोर्ट झकास येतात. आमच्या कृष्णाकाठी ज्या जमिनी आज क्षारपड होऊन पडल्यात त्यांचंपण असंच झालं ना, धो धो पाणी पाजलं, पहिली दहा-पंधरा वर्षं एकरी उसाचं टनेज बघून लोकं खूश, खाली काय चाललंय कुणाला दिसतंय.

तर म्हणे दोन गोळ्या. एक खालचं तोंड मोकळं करणारी, दुसरी वरचा पाट थोडा आवळणारी.

पहिली टेल्मिसार्टन. बीपीचीच गोळी, केंद्रातून फुकट मिळाली. आई आधी बीपीसाठी अम्लोडिपिन घ्यायची, ती गोळी वाईट नाही पण ती गळती थांबवत नाही, आणि पाय सुजायचे ते तिच्यामुळंच. ह्या सार्टन लोकांचा किडनीला उपयोग होतो हे काय आजचं नाही, लोसार्टन आणि इर्बेसार्टनचे शुगरवाल्या पेशंटवरचे मोठे अभ्यास 2001 सालीच छापून आलेले. म्हणजे आईला शुगर निघायच्या नऊ वर्षं आधी.

दुसरी डापाग्लिफ्लोझिन. ही नवी, बाहेरून विकत आणायची. ही गोळी रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर काढते, साखरेची गोळी म्हणूनच बाजारात आली, आणि नंतर कळलं की हिचं खरं काम किडनीत आणि हृदयात आहे. 2020 मध्ये हिचा एक अभ्यास आला, 4,304 किडनीच्या पेशंटवर, त्यातल्या काहींना शुगर होती काहींना नव्हतीच, आणि किडनी निम्म्यानं घसरणं, पूर्ण निकामी होणं किंवा किडनी-हृदयामुळं मरणं हे सगळं धरून धोका 39 टक्क्यांनी कमी. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात भारतात तिचं पेटंट संपलं, बऱ्याच कंपन्यांनी ती काढली आणि किंमत निम्म्याच्याही खाली आली. नाहीतर आमच्या आईनं ती कुठली घेतली असती. (हिची बहीण एम्पाग्लिफ्लोझिन, तिचं पेटंट 2025 च्या मार्चमध्ये संपलं, तीपण आता स्वस्त झाली.) आणि ह्या सगळ्या घराण्याचं मूळ काय, तर सफरचंदाच्या झाडाची साल, त्यातनं 1835 साली फ्लोरिझिन नावाचा पदार्थ काढलेला. जवळजवळ दोनशे वर्षं साल ते पलूसचं मेडिकल. असलं काही वाचलं की मला उगाच बरं वाटतं.

गोळ्या सुरू केल्यावर दोन आठवड्यांनी परत रक्त. क्रिएटिनिन 1.2 चं 1.3 झालेलं. ईजीएफआर 51 चा 46.

झालं. घरात कालवा. आमचे दाजी म्हणजे बहिणीचे यजमान, त्यांना सगळ्यातलं सगळं कळतं, ते म्हणाले बघा, मी म्हणत नव्हतो का इंग्लिश गोळ्यांनी किडनी जाते, बंद करा आधी. आणि खोटं कशाला बोला, मलापण वाटलं बंद करावं. शुगरच्या गोळ्यांनी किडनी खराब होते हे वाक्य मी लहानपणापासून एसटीत, पारावर, सलूनमध्ये, सगळीकडं ऐकत आलोय, इतकं की ते खरंच असणार असं वाटतं. आणि लोकांच्या डोळ्यांपुढं घडतं पण तसंच, गोळ्या घेणाऱ्याचीच किडनी जाते, कारण शुगर त्यालाच असते.

डॉक्टरला फोन केला तर तो हसला. म्हणाला, "दादा, पाण्याचा दाब कमी केला की पहिल्यांदा वाफ्यात पाणी कमी दिसणारच. तेच पाहिजे आपल्याला. तीस टक्क्यांपर्यंत क्रिएटिनिन वाढलं तरी मी गोळी बंद करत नाही, तुमचं आठ टक्के वाढलंय. पोटॅशियम बघितलं, ते ठीक आहे." हे त्यानं मला आधी सांगितलेलं होतं, खरंतर चिठ्ठीवर लिहूनपण दिलेलं, मी वाचलं नव्हतं. पण विचार करा, फोन उचलणारा कुणी नसता तर? त्याच दिवशी गोळ्या बंद झाल्या असत्या आणि दाजींची अब्रू वाढली असती.

मग त्यानं एक एक करून आईच्या घरातली इतर औषधं काढायला सुरुवात केली. म्हणाला, मावशी, गुडघे दुखल्यावर काय घेता? आई म्हणाली काय न्हाई, बाम लावते. मी म्हणलं बरोबर आहे. तो थांबला, परत विचारलं, "मेडिकलमधनं पुडी आणता का?" आणि आई गप्प. गावातल्या मेडिकलवाल्याकडनं ती आठवड्याला तीन-चार पुड्या आणायची, कागदात बांधलेल्या सुट्ट्या गोळ्या, नाव नाही काय नाही. डायक्लोफेनॅक असणार. असल्या पेनकिलर किडनीकडं जाणारं रक्तच कमी करतात, त्यात सार्टन चालू असलं तर आणखी धोका. गुडघ्याला पॅरासिटामॉल दिलं आणि पुडी बंद. मुलगा म्हणून मी पंचेचाळीस वर्षं ह्या बाईला ओळखतो, आणि पुडीचं मला माहिती नव्हतं.

मिठाचंपण तसंच. आई म्हणाली मी मीठ बंदच केलंय, सैंधव खाते. सैंधवपण सोडियमच, मावशी. आणि त्या कमी सोडियमच्या मिठाच्या पुड्या मिळतात त्यापण नको, त्यात पोटॅशियम घातलेलं असतं, किडनीवाल्याला ते नडतं. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे एक चमचा सपाट, त्यात लोणचं आलं, पापड आला, खर्डा आला, आणि भडंग आलं. माझ्याकडं बघून म्हणाला भडंग. मी खाली बघितलं.

त्यानं डाळ बंद केली नाही, वांगी बंद केली नाहीत, टोमॅटो बंद केला नाही. आमच्या नात्यातल्या बायका आईला सांगत होत्या हे खाऊ नको ते खाऊ नको, मामींनी तर मामांचा पथ्याचा कागद आणून दिलेला. तो डायलिसिसच्या माणसाचा कागद. आईचं पोटॅशियम चांगलं आहे, तिला तो कागद लागू नाही, पोटभर जेवा, डाळीची वाटी खा, मीठ तेवढं कमी. कृष्णाकाठची वांगी पिकवणाऱ्या बाईला वांगं बंद केलं असतं तर तिनं डॉक्टरच बदलला असता.

मिरजेच्या किडनीच्या डॉक्टरांकडं पण एकदा जाऊन आलो, त्यानंच चिठ्ठी दिली. मिरज म्हणजे डॉक्टरांचंच गाव, मिशन हॉस्पिटल 1894 पासूनचं, कर्नाटकातनं रेल्वेनं पेशंट येतात. त्या मोठ्या डॉक्टरांनी सोनोग्राफी बघितली, कागद बघितले, म्हणाले उपचार बरोबर चाललाय, गावातच दाखवत जा, ईजीएफआर तीसच्या खाली गेला किंवा एकदम घसरला तर या, नाहीतर वर्षानं. आईला ते आवडलं नाही. एवढ्या लांब येऊन नवीन गोळी नाही, सलाईन नाही, नुसतं बरोबर चाललंय!

2022 च्या जानेवारीत एसीआर 180 आला. 412 चा 180. मी ऑफिसमध्ये पेढे वाटायचे बाकी ठेवले होते फक्त. आणि मग नोव्हेंबरमध्ये आला 265.

डॉक्टर कोड्यात. बीपी 132, बरं आहे. शुगर थोडी वाढलीय. गोळ्या? सगळ्या घेते. मीठ? कमीच. पुडी? शपथ. तो म्हणाला बघू, डोस वाढवू, महिन्यानं परत या. आम्ही घरी आलो. आणि त्याच आठवड्यात आशाताई घरी आल्या, त्या येतच असतात, तिशीच्या वरच्यांचे ते फॉर्म भरायला, लहान पोरांच्या लसीला, गावात त्यांना सगळ्या घरातलं सगळं माहिती. आईच्या माहेरच्या नात्यातल्या पण लागतात कुठून तरी. त्या मागच्या दारात आईबरोबर भुईमुगाच्या शेंगा निवडत बसल्या होत्या अर्धा-पाऊण तास. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दादा, काकीनं ती लघवीची गोळी दोन महिने झालं बंद केलीय."

का?

"तुमास्नी कशी सांगंल ती."

त्या गोळीनं लघवीतनं साखर जाते, आणि त्यामुळं काही बायकांना तिथं खाज सुटते, बुरशीचं इन्फेक्शन होतं. डॉक्टरनं सुरुवातीला हे सांगितलेलं असणार, पण सांगितलं कुणाला, तर मला, आणि मी आईला ते कुठल्या शब्दांत सांगणार होतो? मी "पाणी भरपूर पी, स्वच्छता ठेव" असं कायतरी गोल गोल बोललो असेन. आणि आई, जिच्या डोक्यावरचा पदर डॉक्टरपुढं कधी ढळला नाही, ती त्या नातवाच्या वयाच्या पोराला किंवा मला हे सांगणार? तिनं गोळी बंद केली. खाज थांबली. रोज सकाळी ती गोळी पाकिटातनं काढून चुलीत टाकायची, म्हणजे मी पाकीट बघितलं तर हिशेब जुळावा. वसुलीवाल्याची आई शेवटी.

आशाताईंनी उपकेंद्रातल्या मॅडमना सांगितलं, त्यांनी डॉक्टरला. मलम, एक गोळी, रोज कोमट पाण्यानं धुवायचं, कोरडं ठेवायचं, आठवड्यात बरं. गोळी परत सुरू. एवढीशी गोष्ट. चार हजार लोकांचा अभ्यास, संपलेलं पेटंट, सफरचंदाची साल, हे सगळं आमच्या मागच्या दारापर्यंत येऊन चुलीत जात होतं आणि ते कळलं कुणाला, तर शेंगा निवडणाऱ्या बाईला. ह्या आशाताईंना महिन्याला हातात काय पडतं आणि मानधनासाठी त्यांना कितीदा मोर्च्याला जायला लागतं हा एक वेगळाच विषय आहे, त्यावर लिहायला बसलो तर आज उठणार नाही.

एकदा यात्रेचं मटण बाधलं तेव्हापण असंच. आईला जुलाब-उलट्या, मी सांगलीत, फोनवर तीच म्हणाली, त्या तीन गोळ्या आज घेतल्या न्हाईत. जुलाब-उलट्यानं अंगातलं पाणी कमी झालं की टेल्मिसार्टन, डापा आणि मेटफॉर्मिन दोन-तीन दिवस थांबवायच्या, नीट खायला-प्यायला लागलं की परत सुरू, हे आशाताईंनी तिला लाल पेनानं कॅलेंडरच्या मागं लिहून दिलेलं. ते वाचून तिनं थांबवल्या, आणि चौथ्या दिवशी वाचूनच परत सुरू केल्या. मला फोन फक्त कळवायला.

तो पोरगा 2023 ला गेला, बॉण्ड संपला, पुढं शिकायला गेला. आईनं त्याला जाताना वांगी दिली आणि घरी येऊन रडली. नंतर आलेल्या मॅडम सात महिन्यांत गेल्या, मध्ये दोन महिने कुणीच नव्हतं, आता एक आहेत ते बरे आहेत पण शनिवारी सापडत नाहीत. दर वेळी नवीन माणसाला अकरा अधिक चार वर्षं तोंडी सांगत बसायचं कुठं? म्हणून मी ऑफिसच्या लेजरचं एक कोरं पान आणलं, रेघा मारल्या, तारीख, बीपी, एचबीएवनसी (म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर), क्रिएटिनिन, ईजीएफआर, पोटॅशियम, एसीआर, शेवटचा रकाना शेरा. सहा महिन्यांना एक ओळ. शेऱ्यात "गोळी चुलीत" असंपण लिहिलंय. पान प्लास्टिकमध्ये घालून पिशवीत सगळ्यात वर. नवीन डॉक्टर आला की आधी ते पान पुढं सरकवायचं. बाकीचे कागद अजून तळाला आहेत, आई टाकू देत नाही.

गेल्या महिन्यातली ओळ: बीपी 128 वर 76, क्रिएटिनिन 1.25, ईजीएफआर 47, एसीआर 95. आई 67 वर्षांची. 2012 पासून 2021 पर्यंत नऊ वर्षांत 36 घसरलेले, आणि पुढच्या चार वर्षांत, 2021 मधली ती गोळ्यांची पहिली घट सोडली तर, जवळपास तिथंच. गेलेलं परत येत नाही, ते मला माहितीय. उद्या घसरणारच नाही असंपण नाही.

आई आरोग्य केंद्राच्या बाकावर बसलेली, मांडीवर पिशवी. आता केंद्राच्या पाटीवर आयुष्मान आरोग्य मंदिर लिहिलंय, गावात अजून सगळे दवाखानाच म्हणतात. मी आतनं बाहेर आलो तर तिनं विचारलं, "काय म्हणला? कमी झालं का?"

"नाही. तेवढंच आहे."

"तेवढंच?" तिनं माझ्या हातातला कागद घेतला, उलटा धरून बघितला, परत दिला. "चार वर्षं गोळ्या खातिया मी, लोणचं सोडलं, आन् तेवढंच?"

"तेवढंच."

"मग पैसं कशाला घेत्यात," म्हणाली, आणि पिशवी काखेत मारून उठली. पैसे कुणी घेतलेच नव्हते. गाडीपाशी येईपर्यंत तिनं दोघींना सांगितलं होतं की काय बी फरक न्हाई, तेवढंच हाय.